पुणें प्रांतांतील हत्यारबंदी व गुन्हे : कांहीं विचार

गेल्या वर्षीं जुन्या हत्यारांचा संग्रह करणाऱ्या एका स्नेह्यांनीं आम्हांस एक गुप्ती दाखविली. वरून पाहणारास ती एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या हातची साधी वेताची काठी वाटावी. मूठ पितळेची, टोंकास लोखंडी टोपण. परंतु मूठ किंचित् पिळून ओढतांच आंतून पातें बाहेर आलें. स्नेही म्हणाले, "तलवार बाळगण्यास परवाना लागूं लागला म्हणून लोकांनीं असल्या काठ्या करविल्या, असें आमच्या वडिलांचें म्हणणें होतें. तें खरें कां? आणि सरकारनें हत्यारें काढून घेतल्यानें चोऱ्या, दरोडे, खून कमी झाले कीं वाढले?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणें अवघड नाहीं. गुप्ती हा शब्द आणि ती वस्तु हीं दोन्ही इंग्रजी कायद्याच्या आधींचीं आहेत. कायद्यानें तिचा खप वाढला असेल, पण जन्म दिला नाहीं. दुसरा प्रश्न मात्र असा आहे कीं, त्यावर दोन पक्षांचे लोक सारख्याच खात्रीनें बोलतात आणि पुराव्याकडे दोघेही सारखेच पाठ फिरवितात. एक म्हणतो, इंग्रजांनीं प्रजा निःशस्त्र केली आणि तेव्हांपासून भला माणूस चोरांच्या हातीं सांपडला. दुसरा म्हणतो, हत्यारें गेलीं म्हणूनच देशांत स्वस्थता नांदली. पुणें शहर व त्याच्या भोंवतालचा मुलूख एवढ्यापुरतें पाहिलें तर यांतलें काय टिकतें, तें तपासून पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे.

आरंभीं एक गोष्ट बाजूस सारली पाहिजे. छपविलेल्या हत्याराचा विषय निघाला कीं आपल्याकडे प्रतापगडच्या भेटीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या प्रसंगांतील वाघनखें म्हणून जीं ओळखलीं जातात तीं लंडनच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांतून २०२४ सालीं तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यास आलीं. तीं तींच होत याविषयीं त्या संग्रहालयानेंही खात्री दिलेली नाहीं, ग्रँट डफकडून तीं आलीं एवढेंच त्यांच्या डबीवरील लेखावरून म्हणतां येतें. परंतु तो प्रसंग दोन सत्ताधाऱ्यांमधील राजकारणाचा होता. रस्त्यांत चालणाऱ्या सामान्य माणसानें कमरेस काय लपवावें, या आपल्या प्रश्नास त्यापासून कांहीं मिळत नाहीं.

पेशवाईंतील पुण्यांत हत्यार बाळगण्यास सरसकट परवाना नव्हता. शिलेदार, बारगीर, कारकून, सावकाराचे जासूद, वाड्यांवरचे पहारेकरी यांच्या कमरेस कांहींना कांहीं असेच. असें असूनही त्या वेळचें पुणें बंदोबस्ताविषयीं नांवाजलेलें होतें. पेशव्यांच्या नोकरींत असलेल्या विल्यम टोन या फिरंगी अधिकाऱ्यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या वृत्तांतांत, शहराची दुसरी कशाची नसली तरी कोतवालीची तारीफ केली आहे. रात्रीं ठरलेल्या वेळीं तोफ झाल्यावर जो कोणी रस्त्यांत सांपडेल त्यास गस्तवाले धरीत व सकाळीं कोतवालानें सोडीपर्यंत तो अडकून पडे. खुद्द श्रीमंतांसही अवेळीं बाहेर सांपडल्यामुळें एक रात्र अशी काढावी लागली, अशी गोष्टही तो सांगतो. ही गोष्ट खरी मानावी कीं बाजारगप्प, हें वाचकांनीं ठरवावें. आमच्या मतें तिचें महत्त्व निराळें आहे. कोतवालीचा डोळा हत्यारावर नव्हता. वेळ, जागा आणि माणूस यांवर होता. रात्रीच्या प्रहरीं हातांत काय आहे हें कोणी विचारीत नसे, तूं येथें कां आहेस हें विचारीत.

या पद्धतीचा गुण सांगतांना दोषही सांगितला पाहिजे, नाहीं तर आपण पूर्वजांची वकिली करूं लागतों. घाशीराम सावळदास १७७७ पासून १७९१ पर्यंत कोतवालीवर होता. १७९१ च्या ऑगस्टांत त्याच्या हुकुमानें कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकीं कित्येक गुदमरून मेले व शहर खवळून उठलें. घाशीरामाचा शेवट काय झाला तो सर्वांस ठाऊक आहे. माणसावर नजर ठेवण्याची मोकळीक ज्याच्या हातीं दिली तोच माणूस वाईट निघाला म्हणजे काय होतें, त्याचें हें उदाहरण. आणि नारायणराव पेशव्यांचा खून (३० ऑगस्ट १७७३) तर ज्यांस सरकारांतूनच पगार देऊन शस्त्रें धरविलीं होतीं त्या गारद्यांनीं, भर दिवसां, वाड्यांत केला. परवान्याचा कायदा असता तर सुमेरसिंगास पहिला परवाना मिळाला असता.

खेड्यांतील व्यवस्था शहराहून अधिक विचार करण्याजोगी आहे. चोरी झाली म्हणजे जागल्या अगर रामोशी माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गांवच्या हद्दींत गेला कीं तो त्या गांवच्या रामोशानें उचलावा. न उचलला अगर माग तेथेंच मुरला तर त्या गांवानें नुकसान भरून द्यावें. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत या पद्धतीचें वर्णन केलें आहे. ज्याच्या हातीं भाला, तलवार व बंदूक होती तोच रामोशी रखवालदार, आणि हक्क बुडाला कीं तोच दरोडेखोर. हत्यार तेंच, हात तेच. मधें फक्त वतन आणि रोजमुरा. १८१८ नंतर गडांवरील शिबंदी मोडली, पुरंदरच्या रामोशांचे पिढीजात हक्क खुंटले, आणि उमाजी नाइकाचें बंड उभें राहिलें. त्या बंडाचा मोड करतांना कंपनी सरकारनें कांहीं काळ काय केलें? उमाजीस माफी देऊन त्याच्याच टोळीस बंदोबस्ताच्या कामास लाविलें. तें जमलें नाहीं, पुढें उमाजी पकडला गेला व १८३२ सालीं पुण्यास त्यास फांशी झाली, हा इतिहास कॅप्टन मॅकिंटॉशच्या १८३३ च्या ग्रंथामुळें उपलब्ध आहे. पण त्या मधल्या प्रयोगावरून एवढें निश्चित दिसतें कीं, तत्कालीन इंग्रज अधिकाऱ्यांसही रोगाचें मूळ हत्यारांत दिसत नव्हतें.

तें दिसूं लागलें १८५७ नंतर. त्या सालचा २८ वा आणि १८६० चा ३१ वा हे दोन कायदे भयापोटीं जन्मले. त्यांचा रोख चोरांपेक्षां बंडखोरांवर होता. पुढें लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा ११ वा, म्हणजे ज्यास आपण सामान्यतः हत्यारांचा कायदा म्हणतों तो, झाला. त्यांत 'हत्यारें' या शब्दाच्या पोटीं बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांचीं फळें, धनुष्यबाण, इतकेंच काय, हत्यारें करण्याचीं यंत्रेंही घातलीं होतीं. परवान्यावांचून सशस्त्र फिरण्याची मनाई झाली. युरोपियनांस मात्र सूट होती, आणि हीच गोष्ट लोकांस सर्वांत अधिक झोंबली.

आतां या कायद्याचा गुन्ह्यांवर काय परिणाम झाला, हें ठरवूं पाहणाराची जी फसगत होते ती पाहा. कायदा १८७८ चा. पुढच्याच सालीं, फेब्रुवारी १८७९ मध्यें, वासुदेव बळवंत फडके यांनीं रामोशांच्या साह्यानें शिरूरकडील धामारी येथें पहिला दरोडा घातला, आणि त्यापुढील तीन-चार महिने पुणें व त्याच्या आसपासच्या मुलखांत दरोड्यांची एकच धांदल उडाली. मे महिन्यांत पुण्यांतील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आगी लागल्या. जुलैंत फडके पकडले गेले. केवळ सनांवर बोट ठेवणारा यावरून म्हणेल, "पाहा, हत्यारें काढून घेतलीं आणि दरोडे वाढले." तोच मनुष्य १८७९ व १८८२ यांची तुलना करील तर म्हणेल, "पाहा, कायदा मुरला आणि दरोडे थांबले." दोन्ही अनुमानें एकाच मापाचीं फोल आहेत. कारण त्याच काळांत १८७६ ते १८७८ चा दुष्काळ पडला होता. दुष्काळांत माणसें अन्नासाठीं लुटतात, हें सांगण्यास कायदेपंडित नको. १८७९ सालींच दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जमुक्ततेचा कायदा झाला, म्हणजे दुसऱ्या बाजूनें सावकारीचा फांसही थोडा सैल झाला. दुष्काळ संपला, पाऊस पडला, कर्जाचा कायदा झाला, फौज फिरली, फडके एडनला गेले. या सर्वांमधून हत्यारांच्या कायद्याचा वांटा वेगळा कसा काढावा?

याहून बोलका दाखला त्या कायद्याच्या तीन वर्षें आधींचा आहे. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांवर उठाव केला, आणि तो पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला. त्या वेळीं १८७८ चा कायदा नव्हता. १८५७–६० च्या कायद्यांचा अंमल कागदावर कितीही असो, घरोघर कांहींना कांहीं हत्यार होतेंच. निदान कुऱ्हाड, विळा, भाला यांचा तोटा नव्हता. राग तर पिढ्यान् पिढ्यांचा सांचलेला. तरी या दंग्यांत लोकांनीं मुख्यतः काय केलें? सावकारांचीं खतें व रोखे बाहेर ओढून जाळले. अंगावर हात टाकण्याचे प्रसंग थोडे, आणि तेही बहुतेक कागद देण्याचें नाकारल्यावर घडलेले. हत्यारें जवळ असणें आणि रक्तपात होणें यांचा संबंध समजतात तितका सरळ असता, तर सुप्याच्या बाजारांत कागदांऐवजीं माणसें जळालीं असतीं. कुणब्यांस ठाऊक होतें कीं आपला शत्रु देहधारी नसून कागदी आहे.

याचा अर्थ हत्यारांचा कायदा निष्फळ होता असा करूं नये. दारूगोळ्याची विक्री परवानेदार दुकानांतून होऊं लागली, नव्या बंदुकांची नोंद राहूं लागली. मोठ्या टोळ्यांस बंदुका व दारू जमविणें त्यामुळें कठीण झालें असलें पाहिजे. ठोकून सांगण्याजोगा पुरावा नसला तरी हें अनुमान सयुक्तिक आहे. पण टोळीस अडविणारें जाळें एकट्या खुन्यास अडवीलच असें नाहीं. पुण्याचा पुढील इतिहास नेमका येथें बोलूं लागतो.

तत्पूर्वीं कायद्यांतील एका कलमाकडे संग्राहक वाचकांचें लक्ष वेधतों. १८७८ च्या कायद्याच्या १९ व्या कलमान्वयें परवान्यावांचून सशस्त्र फिरणें इत्यादि गुन्ह्यांस तीन वर्षांपर्यंत कैद होती. २० वें कलम म्हणतें कीं, त्यांपैकीं कांहीं कृत्यें जर सरकारी अंमलदारास कळूं नयेत अशा बेतानें केलीं, अगर झडतीच्या वेळीं हत्यार लपविलें, तर कैद सात वर्षांपर्यंत. म्हणजे एकाच हत्याराची शिक्षा तें छपविल्यानें दुपटीहून अधिक होई. कायदा करणारांची समजूत उघड आहे: उघड हत्यार बाळगतो तो अडाणी किंवा हट्टी, छपवितो तो कपटी. आतां व्यवहार पाहा. ज्यास परवाना मिळण्याची आशा नाहीं, त्यास उघड बाळगण्याची सोयच राहिली नाहीं. बाळगावयाचें तर छपवूनच. तलवार छपत नाहीं, पिस्तूल छपतें. तेव्हां ज्याच्या मनांत खरोखरच कांहीं वाईट आहे त्यास हा कायदा लहान हत्याराकडे लोटीत होता. आमच्या स्नेह्यांच्या वडिलांचें म्हणणें शब्दशः खरें नसलें तरी त्यांत एवढें तथ्य आहे.

२२ जून १८९७ ची रात्र घ्या. प्लेगच्या बंदोबस्तामुळें शहर होरपळलें होतें. गणेशखिंडींत राणीच्या राज्यारोहणाच्या साठीचा समारंभ होता. दामोदर व बाळकृष्ण चाफेकर बंधूंनीं पिस्तुलांबरोबर तलवारीही नेल्या होत्या, परंतु पळतांना अडचण नको म्हणून त्या वाटेंतील एका मोरीखालीं ठेवून दिल्या. रँड व आयर्स्ट यांचे खून पिस्तुलांनीं झाले. तलवारी मोरीखालीं राहिल्या आणि पिस्तुलें बरोबर गेलीं, या एका तपशिलांत जुन्या व नव्या हत्यारांचा सगळा फरक आला. कायदा त्या वेळीं एकोणीस वर्षांचा होता. मग सरकारनें काय केलें? हत्यारांचा कायदा अपुरा पडला म्हणून तो कडक केला नाहीं. शहरावर जादा पोलीस बसवून त्याचा खर्च पुणेंकरांच्या माथीं मारला, नातू बंधूंस १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनान्वयें चौकशीवांचून अटकेंत टाकलें, व टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. म्हणजे कठीण प्रसंगीं इंग्रज सरकारही वस्तूवरील बंदी सोडून घाशीरामाच्याच मार्गानें माणसांवर आलें.

नाशकास २१ डिसेंबर १९०९ रोजीं जॅक्सनवर जें ब्राउनिंग पिस्तूल झाडलें गेलें तें लंडनहून चोरकप्प्याच्या पेटींतून आलेल्या वीस पिस्तुलांपैकीं होतें. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत २२ जुलै १९३१ रोजीं हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्यानें गोळ्या झाडल्या, हॉटसन वांचले. या तिन्ही प्रसंगीं छपविलेलें छोटें हत्यार, एकटादुकटा मनुष्य, आणि ठरवून केलेलें राजकीय कृत्य असा एकच साचा आहे. अशा मनुष्यास परवान्याची अट अडवूं शकत नाहीं. फार तर त्याचा वेळ खाते व खर्च वाढविते. पण येथें दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. चौतीस वर्षांत बोटांवर मोजतां येणारे हे प्रसंग आपणांस तारखेसह आठवतात, याचें एक कारण असें कीं पिस्तुलाचा खून या प्रांतांत अपूर्वाईची गोष्ट होती. रोजच्या भांडणांत, बांधाच्या तंट्यांत, दारूच्या गुत्त्यावर माणसें मारलीं जात तीं काठीनें, कुऱ्हाडीनें, दगडानें. रागाच्या भरांत हाताशीं पिस्तूल नसणें, हा या कायद्याचा न दिसणारा फायदा असूं शकेल. न घडलेल्या खुनांची नोंद कोणत्याच दप्तरांत सांपडत नाहीं, हीच खरी अडचण आहे.

या कायद्याविरुद्धची तक्रार मुख्यतः मानाची होती, हें ध्यानांत ठेवावें. १८८७ च्या मद्रासच्या काँग्रेसपासून त्याविरुद्ध ठराव होऊं लागले. रानडुकरें व वाघ यांपासून शेतीचें व गुरांचें रक्षण होत नाहीं, हें कारण पुढें केलें जाई. पण खरें शल्य, सबंध राष्ट्रावर अविश्वासाचा शिक्का बसला, हें होतें. १९२० च्या नियमांनीं कातडीच्या रंगावरचा भेद काढून टाकला. १९३१ च्या कराचीच्या ठरावांत, नियमांस अनुसरून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत धरला होता. पुढें स्वराज्य आल्यावर घटनासमितींत डिसेंबर १९४८ मध्यें हरि विष्णु कामत यांनीं तोच हक्क घटनेंत घालण्याची सूचना आणली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं ती मान्य केली नाहीं. परकी सत्तेविरुद्ध मागितलेली गोष्ट स्वकीयांच्या राज्यांत तशीच मागतां येत नाहीं, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. घटनेच्या १९ व्या कलमांत मग सभा भरविण्याचा हक्क आला तोही 'शांततेनें व निःशस्त्र' या अटीसह. त्या चर्चेच्या दहाच महिने आधीं महात्माजींचा खून एका पुणेंकराच्या हातून पिस्तुलानें झालेला होता, हें विसरून चालणार नाहीं. त्या खटल्यांत माफीचा साक्षीदार झालेला दिगंबर बडगे पुण्यांत 'शस्त्र भांडार' नांवाचें दुकान चालवीत असे. परवाना न लागणाऱ्या हत्यारांची विक्री दर्शनीं, आणि परवाना लागणाऱ्यांची आडपडद्यानें, असा त्याचा धंदा. हत्यारबंदीच्या इतिहासांत या दुकानास स्वतंत्र जागा दिली पाहिजे. कायद्याची रेघ कोठें ओढली आहे हें ओळखूनच तिच्या दोन्ही बाजूंस पाय ठेवून तें उभें होतें.

१९५९ चा नवा कायदा १९६२ पासून अमलांत आला. त्यानें बंदुका-पिस्तुलें व धारेचीं हत्यारें यांत भेद केला. धारेच्या हत्यारांस परवाना फक्त सरकारनें जाहीर केलेल्या मुलखांतच लागतो. नियमांतील यादींत तलवारीबरोबर काठींतील तलवार, म्हणजे आपली गुप्ती, स्पष्ट सांगितली आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरेही त्यांत येतात. घरकाम, शेती, शास्त्र व उद्योग यांसाठीं केलेलीं पातीं मात्र वगळलीं आहेत. शिवाय १९५१ च्या पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमान्वयें पुण्याचे पोलीस आयुक्त वेळोवेळीं हुकूम काढून ठराविक मुदतीपुरती हत्यारें, सोटे, भाले, काठ्या घेऊन फिरण्यास मनाई करतात. ही मनाई पेशवाईंतील तोफेची नात म्हणतां येईल, कारण तीही वेळ व जागा यांस बांधलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवानेदारास तीनऐवजीं दोनच बंदुका बाळगतां येऊं लागल्या.

आणि इतकें झाल्यावर पुण्यांत २०२२–२३ च्या सुमारास लोकांची झोंप कशानें उडाली? कोयत्यानें. ऊस तोडावयाचा, नारळ सोलावयाचा कोयता हातांत घेऊन पोरें रस्त्यांत धुमाकूळ घालूं लागलीं, दुकानें फोडूं लागलीं. शेतीचें अवजार म्हणून जें यादींतून सुटलें तेंच हत्यार झालें. तो कोठेंही मिळतो, स्वस्त मिळतो, आणि शर्टाखालीं पाठीशीं लपतो. विक्रेत्यांकडून गिऱ्हाइकांची ओळख टिपून घेण्यापर्यंत पोलिसांस यावें लागलें. तलवारीकडून पिस्तुलाकडे, पिस्तुल मिळेना तेव्हां कोयत्याकडे, असा हा प्रवास आहे. त्यावरून आमचें मत असें बनलें आहे कीं, हत्यारांचा कायदा गुन्ह्यांची संख्या बदलतो हें सिद्ध करणें कठीण. हत्याराचा आकार व जात बदलतो हें मात्र पुण्याच्या उदाहरणावरून पुष्कळसें दाखवितां येतें. आणि हा बदल क्षुल्लक नव्हे. कोयत्याचा घाव बसलेला मनुष्य इस्पितळांत वांचण्याचा संभव गोळी लागलेल्याहून सामान्यतः अधिक असतो.

परदेशांत हाच वाद फार मोठ्या प्रमाणावर चालला आहे. अमेरिकेंतील केंटकी व लुइझियाना या राज्यांनीं १८१३ इतक्या पूर्वीं छपविलेलीं हत्यारें बाळगण्यास बंदी केली होती. उघड बाळगणें सभ्यपणाचें, छपविणें भेकडपणाचें, अशीच तेथीलही समजूत होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस वारें फिरलें व अनेक राज्यांनीं, मागेल त्या पात्र मनुष्यास छपविलेलें पिस्तूल बाळगण्याचा परवाना दिलाच पाहिजे, असे कायदे केले. आज निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याचीही गरज उरलेली नाहीं. १९९७ सालीं जॉन लॉट व डेव्हिड मस्टर्ड यांनीं १९७७ ते १९९२ चे आंकडे मांडून, अशा कायद्यांनीं गुन्हे कमी झाले, असा सिद्धांत केला. त्यावर पुष्कळ वर्षें खंडनमंडन झालें. २००४ सालीं तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनें सर्व पुरावा चाळून, या कायद्यांनीं गुन्हे घटतात अगर वाढतात असें कांहींच म्हणतां येत नाहीं, असा निर्णय दिला. एका सभासदाचें मत भिन्न पडलें. पुढें २०१९ सालीं जॉन डोनह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अधिक वर्षांचे आंकडे घेऊन दाखविलें कीं, असे कायदे झालेल्या राज्यांत दहा वर्षांनीं हिंसक गुन्ह्यांचें प्रमाण, ते न होते तर जितकें असतें त्याहून, सुमारें १३ ते १५ टक्क्यांनीं अधिक दिसतें. आमचा कल या नंतरच्या संशोधनाकडे आहे, कारण त्याच्यामागें अधिक काळाचा पुरावा आहे.

आपणांस बोधप्रद आहे ती त्या वादांतील अडचण. लॉट यांच्या आंकड्यांवर मोठा आक्षेप असा कीं, त्याच वर्षांत अमेरिकेच्या मोठ्या शहरांत कोकेनच्या एका नव्या प्रकाराच्या व्यसनानें थैमान घातलें होतें व त्यामुळें कांहीं राज्यांत खून वाढले, कांहींत नाहीं; मग फरक कायद्याचा कीं व्यसनाचा? आमच्या १८७८–७९ च्या दुष्काळाचाच हा दुसरा अवतार. इतके आंकडे, इतकीं राज्यें, इतकी गणितें हाताशीं असतांना तेथील विद्वानांस पंचवीस वर्षें लागलीं, तर एका जिल्ह्याच्या एका दशकावरून आपण छाती ठोकून बोलणें शोभत नाहीं. शिवाय तेथील प्रश्न, मागेल त्याला परवाना द्यावा कीं नाहीं, हा आहे. येथें परवाना हा १८७८ पासून आजतागायत अंमलदाराच्या मर्जीचा भाग राहिला आहे. तेथील निष्कर्ष उचलून येथें चिकटविणारे दोन्ही पक्षांत आहेत. त्यांनीं हा भेद आधीं पाहावा.

मग या प्रांतापुरतें काम करावयाचें तर कसें? पोलिसांच्या वार्षिक अहवालांतील दरोड्यांचे आंकडे एकमेकांशीं जुळवून पाहतांना फार जपावें लागतें. पांच माणसें जमून केलेली लूट म्हणजे दरोडा, ही इंडियन पिनल कोडाची व्याख्या १८६२ पासूनची. त्यापूर्वींच्या कागदांत दरोडा, वाटमारी, खणती हे शब्द दुसऱ्याच अर्थांनीं येतात. पुणें दप्तरांतील कोतवालीचे कागद आणि जिल्ह्याच्या दप्तरांतील इंग्रजी अमलाचे कागद यांचें एकच कोष्टक करूं पाहणारा म्हणूनच फसतो. आंकड्यांपेक्षां एकेक प्रकरण घेऊन त्यांत हत्यार कोणतें, तें कोठून आलें, तें परवान्याचें होतें कीं नव्हतें, आणि उघड होतें कीं छपविलेलें, एवढीं चार खानीं भरलीं तर दहा वर्षांत उपयोगी पडेल असें साधन तयार होईल.

यांत संग्राहकांचें साह्य लागणार आहे. जुन्या घराण्यांच्या दप्तरांत सनदा, महजर, निवाडे हे कागद सर्वजण जपून ठेवतात. पण १८७८ नंतरचे हत्यारांचे परवाने, ते नव्यानें करून घेण्यासाठीं केलेले अर्ज, नामंजुरीचीं उत्तरें, हत्यार ठाण्यांत जमा केल्याच्या पावत्या, हे 'इंग्रजींतले अलीकडचे कागद' म्हणून रद्दींत जातात. आमच्या डोळ्यांदेखत असे एक बाड तराजूंत पडलें आहे. अर्जांत माणूस हत्यार कशासाठीं मागतो हें लिहितो: पिकाचें रान, सावकारीची ने-आण, देवस्थानचा बंदोबस्त, दसऱ्याची पूजा. त्या काळीं लोकांस भय कशाचें वाटे, याचा याहून सरळ लेखी पुरावा दुसरा मिळणें कठीण. ज्यांच्याजवळ असे कागद असतील त्यांनीं निदान त्यांच्या नकला मंडळाकडे धाडाव्या. तलवारी व गुप्त्या ज्यांच्या संग्रहीं आहेत त्यांनीं त्या कोणत्या घराण्यांतून व कोणत्या सालीं आल्या, त्यांबरोबर कांहीं कागद होता कीं नाहीं, हें टिपून ठेवावें. आमच्या स्नेह्यांच्या गुप्तीबरोबर कागद नव्हता. वडिलांनीं ती कोणाकडून घेतली हेंही आतां त्यांस सांगतां येत नाहीं.